मोठ्या फाइल आधी

जेवलेलं ताट जागचं न हलवणाऱ्या माणसाला आवराआवरीची हौस कुठून आली, हे माईंना कळेना. शर्ट काढला तर खुर्चीवर, मोजे काढले तर पलंगाखाली. आणि आज लाँड्रीचं शटर पुरतं वर गेलं नव्हतं तोच मुलगा कॉम्प्युटर झाडूनपुसून लख्ख करून बसला होता.

"फार जड झाला होता गं," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठून साठून किती साठणार? जागाच उरली नव्हती."

माईंनी काउंटरवर झगा पसरला. फिकट निळं रेशीम, पाठीवर मधोमध इस्त्रीचा तपकिरी ठसा, टोकासकट. बुधवारी दुपारी जळला होता. ज्यांचा होता त्या बाई तो न्यायला आज यायच्या होत्या. झगा त्यांच्या आईचा, आणि आई आता नव्हती.

मुलगा म्हणत होता, इस्त्रीवालीने जाळला. इस्त्रीवाली म्हणत होती, मी जेवायला गेले होते, घाईचं काम म्हणून दादांनीच इस्त्री हातात घेतली आणि फोन आला तसे बाहेर गेले. तेव्हापासून हेच चाललं होतं. सून माहेराहून आली की कॅमेऱ्यात बघू, असं माईंनी दोघांना सांगून ठेवलं होतं. कॅमेऱ्याला ना लेक ना नोकर. सून काल रात्री आली होती.

इस्त्रीवाली टेबलाशी उभी होती. इस्त्री अजून थंड होती, तरी तिने मूठ घट्ट धरून ठेवली होती. रेशीम जाळल्याचं नाव एकदा लागलं की दुसऱ्या कुठल्या लाँड्रीत तिला कोणी उभं करणार नव्हतं.

"बुधवारचं दाखव," माई म्हणाल्या.

"तेच तर सांगतोय, उडालं. मोठ्या फाइल आधी उडवायच्या असतात, कुणालाही विचार. साइजप्रमाणे लावायच्या, वरच्या उडवायच्या, मग रिसायकल बिन रिकामी करायची. आता काही परत येत नाही ते."

"आधी एक प्रत दुसरीकडे ठेवतात," सून हळूच म्हणाली.

"तुला कुणी विचारलंय?"

"मी विचारतेय," माई म्हणाल्या. "ऊठ रे तिथून. सूनबाई, बस. मोठ्या गेल्या म्हणतो ना, मग बारक्या काय उरल्या ते बघू. लाव याने लावलं तसंच."

माईंना अक्षरं जेमतेम जुळवता यायची, तीही पाटीवरची, हाताएवढी. पडद्यावरच्या मुंग्या त्यांच्या कामाच्या नव्हत्या. "वाच," त्या म्हणाल्या.

"सिनेमा. सिनेमा. आणखी एक सिनेमा. मित्रांच्या सहलीचा व्हिडिओ."

"कॅमेऱ्याच्या एका दिवसाहून मोठे की लहान?"

"मोठे."

"मग यांना नाही वाटतं झाडू लागला?"

"ते माझं पर्सनल आहे, माई. लागतं मला."

"हं. सूनबाई, आता कॅमेऱ्याचं तारखेने लाव. आणि मला तारखा नकोत, वार सांग."

मुलगा सुनेच्या मागे येऊन उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर त्याने हात ठेवला. आवाज एकदम मऊ झाला. "बऱ्याच दिवसांचं उडालंय, एवढंच सांग तिला. सगळं कशाला वाचत बसतेस?"

सुनेचं बोट माउसवर थांबलं. माईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही, त्या सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ती जे म्हणेल तेच त्यांना कळणार होतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. इस्त्रीवालीला तर जास्तच.

"सोमवार," सून म्हणाली. "मंगळवार."

नवऱ्याची बोटं खुर्चीवर आवळली गेली.

"गुरुवार. शुक्रवार."

"मधला?"

"मधला नाही."

"मागचा आठवडा?"

"आहे. सगळाच्या सगळा आहे. त्याच्या मागचाही." सून झटक्याने उठली. खुर्ची मागे सरकली तसा त्याचा हात सुटला.

काचेच्या दाराबाहेर बाई रस्ता ओलांडून येत होत्या. मुलाने आधी पाहिलं.

"माई, आल्या बघ त्या. आत्ता हे काढू नकोस. आत्तापुरतं हिलाच पुढे कर, मग घरी आपण बोलू. दुकानाचं नाव जाईल गं!"

माईंनी झग्याची घडी केली. डाग आत जाऊ दिला नाही, वरच ठेवला. घडी मुलाच्या हातांवर ठेवली आणि टेबलामागे इस्त्रीवालीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"इस्त्री विसरलास, ते तुझ्या हातून झालं. ते मी पोटात घातलं असतं." त्यांनी आवाज बारीक केला नाही, बाहेर बाईंची पावलं थांबली. "बुधवार मात्र तू तुझ्या हाताने पुसलास. जा, दार उघड. झगा कुणी जाळला ते तुझ्या तोंडाने सांग त्यांना. मी इथेच आहे, हिच्या बाजूला."