गाडीचं पासिंग

गाडीला छप्पर नाही, समोरची काच नाही. जगात मोजक्याच बनलेल्या त्या गाडीला रस्त्यावर उतरायची परवानगी काही केल्या मिळत नव्हती. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, कशाला पोसताय हा पांढरा हत्ती? शेजारी बसायला तरी कोण आहे?" म्हातारे कारखानदार नुसते हसायचे.

गाडी बाहेर नेता येत नाही म्हणून तपासणीला आरटीओचे इन्स्पेक्टरच दर महिन्याला बंगल्यावर यायचे. दोघं हेल्मेट चढवून आवारात चार फेऱ्या मारायचे. मग पायरीवर चहा पिताना इन्स्पेक्टर आपल्या गुडघ्यांपासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळं सांगायचे. पण दर खेपेला गाडीत काहीतरी नवीनच बिघडलेलं निघायचं. कधी हॉर्न, तर कधी मागचा दिवा.

"साहेब, ही गाडी आहे की द्वाड कार्टं? एक खोड मोडावी, तर दुसरी तयार!" इन्स्पेक्टर वैतागून म्हणायचे. "पुढच्या महिन्यात बघू."

काल मेकॅनिकने गाडी नखशिखान्त तपासली. "आता बोट ठेवायला जागा नाही, साहेब. उद्या पास झालीच म्हणून समजा. इन्स्पेक्टरची कटकट एकदाची संपली!"



आज सकाळी कारखानदारांनी चहाचं आधण ठेवलं, दुसरं हेल्मेट लख्ख पुसलं आणि फाटक वाजायच्या आत पाना घेऊन गाडीचा डावा आरसा काढून टाकला.