मागचं डावं चाक

अवनीचं पुण्याचं विमान चुकलं, तर जयंतरावांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. सोमवारी ती हजर झाली नाही की नोकरी दुसऱ्या कोणाला जाणार. म्हणजे मुलगी जयपूरला, मानसरोवरच्या फ्लॅटमध्येच राहणार. आणि मुलगी राहिली की तिची आईही राहणार, नाहीतर 'तिचं घर लावून देते' म्हणून विभा मागोमाग गेली असती आणि परतायचं नाव काढलं नसतं. वासरू दावणीला असलं की गाय लांब जात नाही. विमा कंपनीत जन्म काढलेल्या माणसाला एवढा हिशेब कोणी शिकवायला नको.

म्हणून सकाळी दूध आणायला जाताना त्यांनी दोन कामं उरकली. मागच्या डाव्या टायरमध्ये एक स्क्रू पिळून बसवला. मग डिकी उघडून स्टेपनीचा व्हॉल्व्ह किल्लीच्या टोकानं दाबला आणि तिची हवा काढून टाकली.

असलं काम ते पहिल्यांदा करत नव्हते. भोपाळला विभाची शाळेत मुलाखत होती, त्या सकाळी स्कूटरचा प्लग असाच हरवला होता. मुलाखतीची वेळ टळल्यावर सापडला.

आठवडाभर घरात बॅगा भरणं चाललं होतं. इतक्या बदल्या झाल्या, सामान कायम विभानंच बांधलं. ती कपड्यांच्या घड्या घालताना दिसली की घर जागेवर आहे, या विचारानं जयंतरावांना उलट बरं वाटायचं.

दुपारी निघताना विभानं अवनीच्या तळव्यावर दही-साखर ठेवली. वाटीत उरलेलं चमच्यानं आपल्या तळव्यावर घेऊन खाल्लं. काहीच वाया घालवायचं नाही, ही तिची खोड.

"तू नाही येत सोडायला?" जयंतरावांनी विचारलं.

"मला विमानतळावर रडू येतं. तुम्ही दोघं जा. सावकाश जा हं, अहो."

सावकाशच जायचं होतं. जयंतरावांनी मोठा रस्ता सोडून सांगानेरची मागची वाट धरली. पंक्चरवाल्यांची दुकानं मागे पडली आणि मग गाडी डावीकडे बसली.

"अरे देवा! आजच व्हायचं होतं!" त्यांनी कपाळावर हात मारला. हात जरा जोरात लागला.

"पंक्चर?" अवनी खाली उतरली. "बदला ना मग, बाबा."

त्यांनी जॅक काढला, नीट पुसला, लावला, काढला, पुन्हा लावला. नट घट्ट आहेत म्हणून पान्यावर उभे राहिले. ऊन चटके देत होतं. पोरगी बाभळीच्या सावलीत फोन बघत उभी होती. आता रडेल, मग ओरडेल, अशी त्यांची तयारी होती. ती दोन्ही करेना.

"कॅब बघतेस का?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"बघितली. कोणी घेतच नाहीये."

जयंतरावांनी मनात हात जोडले. तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबलाच.

"क्या हुआ साब? मॅडम को एअरपोर्ट छोड दूँ?"

जयंतराव तोंड उघडणार, तोच अवनी म्हणाली, "नहीं भैया. बाबा करतायत ना."

पोर गुणाची निघाली, जयंतरावांच्या मनात आलं. आपल्यालाच उगाच धास्ती.

मागून एक पिवळ्या पाटीची टॅक्सी आली आणि त्यांच्याजवळ जरा मंदावली. हा आता 'बसा' म्हणेल, या भीतीनं जयंतरावांनी पाना उंचावून तिला हाकलली, "जाओ, जाओ!" टॅक्सी विमानतळाकडे निघून गेली. अवनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

तासाभरानं एकदाचं चाक बसलं. जॅक उतरवला. स्टेपनी रस्त्यावर भाकरीसारखी पसरली.

"हिच्यातही हवा नाही!" जयंतराव जवळजवळ खरेच हळहळले. "आता गं कसं?"

"राहू दे, बाबा. पाणी प्या."

दोघं पाणी पीत बसली. डोक्यावरून एक विमान गेलं. जयंतरावांनी मान खाली घातली. चेहऱ्यावर दुःख नेमकं किती ठेवावं, ते ठरेना.

"गेलं बघ," ते म्हणाले. "नशीब एकेकाचं. पण मी म्हणतो, होतं ते बऱ्यासाठीच. पुण्यात तरी काय ठेवलंय? घरचं जेवण, आईचा हात..."

अवनीनं फोन त्यांच्यापुढे धरला. विमानाच्या खिडकीशेजारी बसलेल्या विभाचा फोटो होता. असं हसताना त्यांनी तिला भोपाळच्याही आधी कधीतरी पाहिलं असेल.

"ही... ही कुठं निघाली?"

"मैत्रेयीमावशीकडे. तिच्या शाळेत बालवर्ग घेणार आहे. तुम्हाला दोन तास घराबाहेर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मतलब, मला काही करावंच लागलं नाही."

जयंतरावांच्या हातातला पाना खाली पडला.

"परत कधी येणार?"

"नाही येणार."

"आणि... तुझी नोकरी?"

"आईला सांगितलंय, कंपनीनं महिनाभर जयपूरहूनच काम करायला सांगितलंय. नाहीतर तुम्हाला एकटं टाकून ती निघाली नसती." अवनीनं खाली पडलेला पाना उचलून डिकीत ठेवला. "नोकरीला मी परवाच नाही म्हटलं. आपल्या घरातून एकीलाच सुटता येणार होतं, बाबा. मी तिला पाठवलं."