भोकाच्या पुढे

तोंडाला रुमाल बांधलेल्या मेहुण्याने ड्रोन टेबलावर आदळला. "दाजी, तडा इथेच थांबेल म्हणाला होतात."

दुरुस्तीवाल्याचं डोकं फिरलं. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, हा त्याचा हातखंडा. "आपटून आणायचा आणि वर मलाच बोलायचं?"

"उडवलेलाच नाही."

दुरुस्तीवाल्याने ड्रोन उलटसुलट करून पाहिला. तडा नव्हता. मागच्या दुरुस्तीत त्याने पाडलेलं भोकही नव्हतं. बॉडी अगदी कोरीकरकरीत.

"मग तक्रार कसली?" तो खेकसला.

मेहुण्याने रुमाल सोडला. जबड्यापासून गालावर एक तडा चढला होता. वाटेत बारीक, गोल भोक होतं. ते ओलांडून तडा डोळ्याखाली पोचला होता.

मेहुण्याने दाराला कडी घातली आणि ड्रिल त्याच्या हातात कोंबलं.

"आता नीट पाडा."