दाराखालचा पत्रा

"माझ्या मुलाला तुमच्या खात्याने मारलं. हे असंच लिहून घ्या."

चौकशी अधिकारी बाईंनी पेन उचललं नाही. टेबलावर त्यांच्याच वाहन तपासणी खात्याचा कागद होता. अपघाताचं कारण : चालकाचा अतिवेग.

मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसला होता. मुलगा जाऊन सात आठवडे झाले होते. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. शर्टाचं वरचं पांढरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. बायको घरातलं प्रत्येक बटण लाल दोऱ्यानेच शिवायची. शोभत नाही म्हटलं की म्हणायची, टिकतंय ना? सकाळी दारात तिने एवढंच सांगितलं होतं, "ज्याने केलं त्याचं नाव घेऊनच घरी या."

"इतक्या वर्षांत ती गाडी कितीदा तुमच्याकडे तपासणीला आली," मिस्त्री म्हणाला. "दर वेळी शिक्का मारलात. एकाने तरी खाली वाकून बघितलं?"

"तुमच्या मुलाने बघितलं होतं? जुनी स्पोर्ट्स कार घेताना आधी तळ बघायचा, हे मिस्त्रीच्या पोराला ठाऊक नव्हतं?"

हे लागायला हवं होतं. लागलं नाही. हल्ली चहा गरम आहे की गार, तेही त्याला कळत नव्हतं.

"आईच्या मांडीवरून उतरला तो थेट माझ्या गॅरेजात गाडीखाली शिरला, असला पोरगा तो. त्याने बघितलं नसेल हे मला पटत नाही. मला विचारलं नाही, एवढं खरं. नोकरीच्या गावाहून फोन केला, बाबा, रविवारी येतोय, एक गंमत दाखवायचीय. गंमत वळणावरच राहिली."

बाई उठल्या. "चला. तळात काय होतं ते दाखवा."

मागच्या आवारात मोडक्या गाड्यांच्या रांगेत ती लाल, दोन दारांची, बुटकी गाडी एका कुशीवर कलंडलेली होती. तळ भिंतीसारखा समोर उघडा. पहारेकऱ्याने कुलूप काढलं आणि सुटे भाग न्यायला येणाऱ्यांना म्हणायचा तसं सवयीने बोलून गेला, "नीट बघून घ्या मिस्त्री, परत घेणार नाही." मग त्याला कळलं, हे कोण. तो गुपचूप फाटकाकडे गेला.

मिस्त्रीने पिशवीतून लोहचुंबक काढलं, स्क्रूड्रायव्हर काढला, हात पुसायला जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा काढला. गॅरेजात चिंध्या घरूनच यायच्या.

"जवळ या बाई. वरचा रंग बायकोला दाखवायला असतो, तळ मिस्त्रीला. हा बघा, कसा सारखा काळाभोर आहे. जुन्या गाडीच्या तळाला चिखल हवा, ओरखडे हवेत. इतका सभ्य तळ दिसला की समजायचं, कुणीतरी काहीतरी झाकलंय."

चुंबक मधल्या पत्र्याला टपकन चिकटलं. दाराखालच्या पोकळ पट्टीवर, मागच्या चाकाजवळ लावलं, तर खाली पडलं.

"पत्रा नाहीच तिथे. पुट्टी आहे." त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत नेली. टण. टण. टण. थप. "इथे चाकाचा दांडा बोल्टने बसतो. मागे धरायलाच काही नव्हतं. वळणावर चाक उपटून आलं. वेग कसला घेऊन बसलात?"

त्याने लेप खरवडला. काळ्याखाली लाल, लालखाली पांढरा. रंग बदललेला होता तर. अशा पांढऱ्या दोन-तीन त्याच्याही हाताखालून गेल्या होत्या, गॅरेज नवीन असताना.

"कुणाचं काम हे?" बाईंनी विचारलं.

"वेल्डिंग असतं तर डोळे मिटून सांगितलं असतं. मिस्त्रीचा हात अक्षरासारखा असतो, ओळखू येतो. हा भामटा वेल्डिंगच्या वाटेला गेलाच नाही. आत काहीतरी कोंबलं, वर पुट्टी फासली, दिली पाठवून."

"असं करतात?"

"करतात. गिऱ्हाईक म्हणतं, विकायचीय, दिसायला नीट करून द्या. मिस्त्री म्हणतो, पुढचा घेणारा बघून घेईल. संध्याकाळपर्यंत विसरतो."

"आणि सापडला तर?"

"त्याच्या बायकोसमोर उभा करीन. म्हणेन, सांग तिला, काय केलंस ते."

बाई हातातली फाइल उघडून पानं उलटू लागल्या.

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खुपसून पुट्टी फोडली. आत कापडाचा बोळा होता, गंजाने तपकिरी, एका बाजूने पापडासारखा कडक. त्याने ओढला. आधी बाही आली, वीतभर लांब. मग कॉलर. लहान मुलाचा शर्ट. कॉलरखालचं बटण अजून जागेवर होतं. घडीच्या आत, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे दोऱ्याचा रंग तसाच होता. लाल.

मिस्त्रीने मूठ मिटली.

"गाडी विकणाऱ्याचा जबाब आलाय," बाई फाइलमध्ये बघत म्हणाल्या. "तुमचं खरं आहे. तुमचा मुलगा खाली बघणारच होता. टॉर्च घेऊन आला होता, जमिनीवर चटईसुद्धा अंथरली होती. त्याआधी त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातले जुने कागद चाळले. एका पिवळ्या पडलेल्या बिलावर थांबला आणि हसला. गॅरेजचं बिल होतं म्हणे, तळाच्या कामाचं. ते त्याने खिशात घातलं, चटई गुंडाळली. म्हणाला, आता खाली बघायची गरज नाही."

वाऱ्याने फाटक वाजलं.

"बिल सापडलं नाही. विकणाऱ्याने ते कधी वाचलंही नव्हतं." बाईंनी आता पेन काढलं. "आमचा शिक्का आहे, ते मी नाकारत नाही. तुमची तक्रार लिहून घेते, शब्द न शब्द. पण हात ओळखू येतो म्हणालात ना? मग आधी एवढं सांगा, मिस्त्री. हे काम कुणाचं?"