मर्दा

रेवतीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोह्यांना हात घातला, तेवढ्यात खिडकीखालून मैत्रिणीची हाक आली, "मर्दा, फुटबॉलचे बूट घेऊन ये. टीम मैदानात उतरली."

साडीतली रेवती चुळबुळली. मुलाच्या आईनं चमचा खाली ठेवला. "तुमच्या कोल्हापुरात पोरींनाही मर्दा म्हणतात?"

"सगळ्यांनाच म्हणतात," रेवती म्हणाली. "गोल मारला की मिठी मारून, चुकला की शिवी दिल्यागत. परवा मी रडत होते, तेव्हा 'गप मर्दा' म्हणतच या खालच्या मैत्रिणीनं माझे डोळे पुसले."

"लग्नानंतर हे चालायचं नाही."

रेवतीनं वडिलांकडं पाहिलं. इतका वेळ नुसती मान डोलावणारे वडील उठले. त्यांनी बूट आणून तिच्या हातात दिले.

"पळ मर्दा," ते म्हणाले. "पाहुण्यांना मी स्टँडवर सोडतो."