गाडीची तहान

वडिलांच्या जुन्या गाडीला चढावर हटकून तहान लागायची. पाणी पाजल्याशिवाय बाईसाहेब पुढे हलत नसत. म्हणून वडील गेल्यावर आई तिच्यात बसायला तयार होईना. शेवटी मुलाने नवा रेडिएटर बसवून घेतला.

"आता पाण्याचं नावच काढू नका," मेकॅनिक म्हणाला.

पहिल्याच फेरीला त्याने आईला मागे बसवलं. चढ लागला, तरी तापमानाचा काटा शहाण्यासारखा जागच्या जागी.

"बघ आई, तहान गेली हिची!"

"मला पाणी दे रे." तिने बाटली एका दमात संपवली. मग दुसरी. "अजून आहे का रे?"

त्याने आरशात पाहिलं. आईचे ओठ तडकले होते. बॉनेटखालून घटाघट पिण्याचा आवाज येत होता.

'थांबतो' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती.