एकट्या गोळीची चार वर्षं

"चार वर्षांत एकही गोळी चुकली नाही?" डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं.

"एकही नाही," निवृत्ती म्हणाला. "हिला विचारा."

शेजारी बसलेल्या मनीषाने मान हलवली. निवृत्तीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पोटात पाणी भरलं होतं. सातपूरच्या कारखान्यातलं लेथवरचं काम सुटून दोन महिने झाले होते. द्वारका चौकाजवळच्या या दवाखान्यात २००२ साली त्याच्या रक्तात यकृत पोखरणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला, तेव्हापासून तो रोज एक गोळी घेत होता.

डॉक्टरबाईंनी नवा रिपोर्ट समोर ठेवला. "तुम्हाला एचआयव्हीसुद्धा आहे. आजचा नाही, जुना. ही गोळी दोन्ही विषाणूंवर चालते. पण एचआयव्ही असला की ती एकटी द्यायची नसते, जोडीला आणखी औषधं लागतात. एकटी दिली तर विषाणू तिला सरावतात. तुमचे दोन्ही सरावलेत."

त्यांनी जुना केसपेपर उलटला. "मी तेव्हा एचआयव्हीचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तपासणी झालीय, रिपोर्ट चांगला आहे."



"खोटं बोललो," निवृत्ती म्हणाला. "त्याआधी कारखान्यात रक्तदानाचं शिबिर होतं. नंतर मला एकट्याला बोलावून त्यांनी हा रोग असल्याचं सांगितलं होतं. पण तुम्ही विचारलं त्या दिवशी ही इथंच बसली होती. हिच्यापुढे कसं बोलणार?"

त्याला वाटलं, आता मनीषा ओरडेल. ती ओरडली नाही.

"दुसरं औषध नाय का?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

"आहे. पण यकृतात आता काही उरलेलं नाही. पाणी काढत राहू, तेवढाच आराम." त्यांनी एक चिठ्ठी लिहून मनीषापुढे सरकवली. "तुमचं रक्त मात्र आजच तपासून घ्या."

मनीषाने चिठ्ठी उचलली नाही.

"माझं तपासलंय," ती म्हणाली. "नांदगावला माहेरी, बाळंतपणात. आपलं बाळ गेलं तवा. मला हाय."

निवृत्ती तिच्याकडे वळला. "पाच वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"त्या दिवशी सांगायचंच म्हणून तुमच्यासंगं इथं आले होते," मनीषा म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही बाईंना म्हणाले, रिपोर्ट चांगला हाय. मला वाटलं, म्हणजे हा रोग माझ्या एकटीच्याच अंगात हाय. तवापासून लांब निजते, तुम्हाला लागू नये म्हणून."